सीताबर्डीतलं नाण्यांचं दुकान: रोमन ब्रॉन्झ बिनधास्त घ्या, फक्त काकांची चिठ्ठी वाचू नका

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार काऊन कापले ते पुढे सांगतेच, पण दोन महिन्यांत मी या दुकानाच्या चार चकरा मारल्या आणि पाचवी ठरली आहे, त्यामुळे साडेतीन बघून तोंड वाकडं करू नका.

दुकानाचं नाव लिहीत नाही कारण खुद्द काकांनीच नको म्हटलं. "बेटा, नाव टाकलं न नेटवर की मग पोट्टे येतात, वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं घेऊन, दहा लाखाला घेता का म्हणून, आणि नाही म्हटलं तर भांडतात." ते २०१२ चं नाणं किती साधं आहे हे मला पण तिथेच कळलं, आमच्या घरी डब्यात तशी दोन निघाली. तर पत्ता एवढाच की सीताबर्डी मेन रोडवरून आतल्या गल्लीत, घड्याळ दुरुस्तीवाल्याच्या वर, जिना एवढा अरुंद की वरून कोणी येत असेल तर तुम्ही खालीच थांबायचं. गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका, मेट्रोने इंटरचेंजला उतरा आणि चालत जा. सोमवारी बंद, बाकी दिवस दुपारी बारानंतर, पण काकांचं बारा म्हणजे साडेबारा. यूपीआय चालते.

मी गेली होती भाच्याच्या प्रोजेक्टसाठी. शाळेत "प्राचीन संस्कृती" असा चार्ट करायचा होता आणि त्याला खरं नाणं चिकटवायचं होतं (मी त्याला चिकटवू दिलं नाही, ते वेगळं). डोक्यात होतं की एखादी घासलेली शिवराई घेऊ शंभर-दीडशेत आणि निघू. शिवराई मिळाली पण, आणि मग काकांनी काउंटरखालून एक निळ्या मखमलीचा ट्रे काढला आणि म्हणाले हे पाहून घे, घेऊ नको, फक्त पाहा. हा जुना डाव आहे हे मला माहीत होतं आणि तरी मी बसली.

ट्रेमध्ये रोमन ब्रॉन्झ, काशाची नाणी, होती, उशिराच्या काळातली, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शतकातली. रोमन म्हटलं की आपल्याला वाटते मोठं जाड सोन्याचं काहीतरी असेल. ही बारकी असतात, ते आपलं स्टीलचं पंचवीस पैशाचं आणि दहा पैशाचं नाणं आठवते न, साधारण त्याच मापाची, आणि रंग हिरवट-काळा, काही तर बटणासारखी दिसतात. सोनं-चांदी राजे आणि व्यापारी ठेवत, हे बाजारात भाजी आणायचं नाणं. म्हणून तर लाखोंनी पाडली आणि म्हणून आज सीताबर्डीत आठशे-हजारात हातात येतात.

आता दुकानाची सगळ्यात भारी गोष्ट, ज्याच्यासाठी मी पूर्ण तीन स्टार देते. काका नाणं हातात देतात. काचेआडून नाही, पाकिटातून नाही, पाकिटातून काढून तळहातावर, म्हणतात कडेला धर बोटाने आणि हे भिंग घे, आणि टेबल लॅम्प तिरपा करून देतात कारण सरळ उजेडात घासलेलं अक्षर दिसत नाही, तिरप्या उजेडात उठून येते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर स्लाइडच पाहते, तर मला डोळा लावून बसायची सवय आहे, पण माझ्यासोबतचा भाचा, वय वर्षं अकरा, तो पण पाऊण तास हलला नाही. अजब बंगल्यात (नागपूरचं सरकारी म्युझियम) मी लहानपणापासून दहा वेळा गेली असेन, नाणी तिथेही आहेत, पण काचेतून. आठवणीत राहिले ते पेंढा भरलेले प्राणी. हातात घेतलं की वेगळंच होते. चहा पण सांगतात, चांगला असतो, आलं घालून.

पहिलं नाणं जे मी घेतलं ते नऊशेचं. एका बाजूला काटेरी मुकुटवाला दाढीवाला माणूस (ते काटे म्हणजे सूर्याचे किरण, काटे नव्हे), दुसऱ्या बाजूला एक चौकोनी ओटा आणि वर ज्वाळा. घरी आणलं तर आई म्हणे, "अगं हे तं तुळशीवृंदावन दिसून राहिलं!" आणि खरंच दिसते हो, चार कप्पे, मध्ये ठिपके, वरून झुपका. पण ती वेदी आहे. हा रोमन बादशहा, दुसरा क्लॉडियस, गॉथ लोकांना हरवलं म्हणून गॉथिकस म्हणतात, २७० मध्ये साथीच्या रोगात मेला आणि मेल्यावर त्याला देव करून टाकलं. पुढे लिहिलं आहे दिवो क्लॉडिओ, मागे कॉन्सेक्रेशिओ, म्हणजे देवपणाला पोचवला. दिवो हा शब्द वाचला की आपल्याला देव आठवतोच आणि ते बरोबरच आहे, लॅटिन दिवुस आणि आपला देव एकाच मुळातले.

म्हणजे तिथे सिस्टीमच होती ही. बादशहा मेला, सिनेटने ठराव केला, की झाला देव, मग त्याचं देऊळ, पुजारी, आणि नाणं. राजाचा आत्मा गरुड नेणार, राणीचा मोर. काकांकडे वरच्या कप्प्यात थोरल्या फॉस्टिनाचं एक मोठं जाड नाणं होतं, अँटोनिनस पायसची बायको, १४० च्या आसपास गेली आणि देवी झाली. किंमत ऐकून मी ते परत मखमलीवर इतकं हळू ठेवलं की काका हसले.

दुसरं घेतलं ते कॉन्स्टंटाइन बादशहाचं, बाराशेचं, आणि हे मला सगळ्यात देखणं वाटलं. मागे सूर्यदेव उभा, डोक्याला किरणं, उजवा हात वर केलेला, डाव्यात पृथ्वीचा गोळा. अक्षरं गोल फिरतात, सोली इन्विक्टो कोमिति, म्हणजे अजिंक्य सूर्याला, माझ्या सोबत्याला. बादशहा देवाला सोबती म्हणतो, भाव पाहा. खाली टांकसाळीची खूण, पीएलएन, त्यातलं एलएन म्हणजे लंडन. सतराशे वर्षांपूर्वी लंडनला पाडलेलं नाणं घड्याळवाल्याच्या वरच्या मजल्यावर, कूलरच्या हवेत, मी बाराशेला घेऊन राहिली होती, मला थोडं हसू आलं.

पण गंमत इथे सुरू होते आणि काकांची गडबड पण इथूनच. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की ३१२ मध्ये रोमजवळ मिल्वियन पुलावर लढाई झाली, त्याआधी कॉन्स्टंटाइनला आकाशात खूण दिसली आणि तो ख्रिस्ती झाला. ठीक आहे. मग ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली, हे पण ठीक. पण नाण्यांना विचाराल तर त्यांना हे कोणी सांगितलंच नाही, त्यानंतर चार-पाच वर्षं त्याच्या ब्रॉन्झवर सूर्य धडाधड छापून राहिला. ३२१ मध्ये त्याने सुट्टीचा वार ठरवला, तो पण सूर्याचा वार. आपण रविवारच म्हणतो, रवीचाच. (आपल्याकडे गिरणी कामगारांना तो रविवार मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडेंनी, १८९० मध्ये, कॉन्स्टंटाइनने नाही, हे भाच्याला मी मुद्दाम सांगितलं.)

मी नागपूरची, मला हे पाहून दुसरंच काही आठवते. आमच्या गावात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसमोर, उघड, बावीस प्रतिज्ञा घेऊन आणि देऊन, एका दिवसात जुना धर्म सोडला आणि नवा घेतला, काय मानणार नाही ते पण नावं घेऊन सांगितलं. दीक्षाभूमीवरून मी रोज जाते, त्यामुळे धर्म बदलणं म्हणजे असं, हे माझ्या डोक्यात पक्कं. आणि हा एवढा मोठा बादशहा, पंचवीस वर्षं दोन दगडांवर पाय ठेवून. जुन्या देवांचा मुख्य पुरोहित हे पद त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मरायच्या बेतात असताना. वाईट म्हणून नाही सांगत, नाण्यावर ते कसं दिसते ते सांगून राहिली. नाणं म्हणजे सरकारी जाहिरात, आणि फौजेत, बाजारात, खेड्यात अजून सगळे जुनेच देव, तर जाहिरातीत एकदम नवीन देव कोण टाकेल.

तर आता चिठ्ठ्या. काका प्रत्येक पाकिटात स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी टाकतात, अक्षर सुंदर, मजकूर देवाच्या भरवशावर. ट्रेमध्ये एक नाणं होतं, विटांचा दरवाजा, वर दोन बुरूज आणि मध्ये एक तारा. चिठ्ठी काय, "येशू ख्रिस्त जन्मतारा, दुर्मिळ", अठराशे रुपये. बाजूलाच तसाच दरवाजा, तारा जरा घासलेला, त्याची चिठ्ठी "रोमन किल्ला", सातशे. मी तेव्हा नवीन होती, मला काय माहीत, मी अठराशेचं घेतलं. आईच्या एका ख्रिस्ती मैत्रिणीला दाखवायचं होतं, सदरला राहतात, त्यांना इतका आनंद झाला की मला नंतर खरं काय ते सांगवलं नाही, आता हे वाचतील तर सॉरी मावशी.

कारण घरी येऊन शोधलं तर काय, हा दरवाजा म्हणजे लष्करी तळाचं दार किंवा पहाऱ्याचा बुरूज समजतात, वर लिहिलेलं असते प्रोविडेन्शिए, म्हणजे बादशहाची दूरदृष्टी, सरहद्द सुरक्षित आहे झोपा निवांत, एवढाच अर्थ. आणि तसलाच दरवाजा डायोक्लेशियनच्या चांदीच्या नाण्यांवर पण आहे, ज्याने ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला तो डायोक्लेशियन! लिसिनियसच्या नाण्यांवर पण आहे, जो कॉन्स्टंटाइनशी लढला आणि ज्युपिटर या जुन्याच देवाला धरून होता. तर तो तारा बेथलेहेमचा काऊन असेल बा? तारे, चंद्रकोरी, ठिपके हे टांकसाळवाले कोणती खेप कोणती हे कळावं म्हणून पण टाकत. अकराशे रुपये जास्त दिले मी एका ताऱ्याचे. हा एक स्टार इथे गेला.

काकांना विचारलं तर ते चिडले नाहीत, म्हणाले मला ज्यांनी माल दिला त्यांनी असंच सांगितलं, मी कुठे रोमला गेलो. खरं आहे. पण चिठ्ठी लिहायला कोणी जबरदस्ती केली नव्हती न. आणि लांडगीच्या नाण्यावर तर त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिलं होतं, "कुत्री व पिल्ले"! बाप्पा. उर्ब्स रोमा म्हणून स्पष्ट वाचता येते, पुढे शिरस्त्राण घातलेली रोम नगरी, मागे लांडगी दूध पाजून राहिली रोम्युलस-रेमसला आणि वर दोन तारे. पिल्लं नाहीत ती, रोम वसवणारे जुळे भाऊ आहेत. आपल्याकडे कोणी जिजाऊंच्या मांडीवरच्या शिवबाला "बाई व मूल" लिहिलं तर कसं वाटेल. असो. पण "कुत्री" असल्यामुळे ते साडेसहाशेला मिळालं, त्यामुळे मी त्या चिठ्ठीबद्दल जास्त बोलत नाही. हे ३३० नंतरचं, कॉन्स्टंटिनोपल नवी राजधानी केली तेव्हा दोन्ही शहरांची नाणी जोडीने काढली, नव्या शहराचं आहे त्यावर पंखवाली विजयादेवी जहाजाच्या टोकावर पाय ठेवून. म्हणजे ख्रिस्ती बादशहा, नवीन राजधानी, आणि नाण्यावर लांडगी आणि देवी. बोला.

एखाद्याला खरोखर ख्रिस्ती खुणेचंच नाणं पाहिजे असेल तर चिठ्ठीवर नका जाऊ, हे लक्षात ठेवा. काय आणि रो ही दोन ग्रीक अक्षरं एकमेकांवर ठेवलेली खूण, इंग्रजी एक्ससारखी दिसते त्यातून उभा दांडा. कॉन्स्टंटाइनच्या ब्रॉन्झवर ती खूण ठळक येते ते एक नाणं, ३२७ च्या सुमाराचं, झेंड्याच्या टोकावर ती खूण आणि खाली झेंड्याने टोचलेला साप, ते इतकं दुर्मिळ आहे की सीताबर्डीच्या ट्रेमध्ये दिसलं तर खोटं समजून पुढे व्हा. अख्खी मागची बाजू भरून ती खूण, बाजूला अल्फा-ओमेगा ही ग्रीक अक्षरं, असं येते ते मॅग्नेन्शियस नावाच्या नंतरच्या बादशहाचं, ३५३ च्या आसपास, म्हणजे कॉन्स्टंटाइन मरून पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला घेतलं ते.

काउंटरच्या टोकाला एक बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात काकांच्या भाषेत "कचरा", म्हणजे घासलेली, तुटकी, ओळख न पटलेली नाणी, कोणतंही घ्या अडीचशे. तिसऱ्या चकरेला पाऊस लागला म्हणून अडकली आणि वेळ घालवायला डबा उपसत बसली. त्यात एक एवढंसं, दहा पैशाच्या नाण्याहून पण छोटं, दीड ग्रॅम असेल. पुढे एक डोकं, पण डोक्यावरून पदर घेतलेला. मला वाटलं कोणी राणी आहे. मागे काहीच कळेना, चार-पाच रेघा आणि काहीतरी घोड्यासारखं. अडीचशे दिले, घरी न्यायच्या आधी लॅबमध्ये स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली घातलं (लंच ब्रेकमध्ये, कोणी तक्रार करू नका) आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठली.

चार घोड्यांचा रथ. रथात माणूस, हात वर करून. आणि वरून, आकाशातून, एक हात खाली आलेला त्याला घ्यायला.

राणी नव्हती ती, कॉन्स्टंटाइनच होता, मेल्यानंतरचा, ३३७ ते ३४० च्या दरम्यान त्याच्या पोरांनी काढलेला. पदर म्हणजे जुन्या रोमन रीतीने डोकं झाकलेलं. लिहिलेलं आहे डीव्ही कॉन्स्टँटिनुस पीटी एयूजीजी, म्हणजे दिवुस कॉन्स्टंटाइन, सम्राटांचा बाप. दिवुस! तोच शब्द जो क्लॉडियसच्या तुळशीवृंदावनावर होता. बाप्तिस्मा घेऊन मेलेल्या माणसाला पोरांनी जुन्या पद्धतीने देव करून टाकलं आणि त्याच नाण्यावर मागे ख्रिस्ती देवाचा हात पण काढला. आणि रथ पाहा, चार घोड्यांचा, रोमच्या सूर्याचा रथ चारच घोड्यांचा (आपल्याला सात लागतात), त्यामुळे जुन्या धर्माचा माणूस म्हणणार हा सूर्यासोबत चालला, आणि ख्रिस्ती माणूस म्हणणार हा बायबलमधल्या एलिया संदेष्ट्यासारखा अग्निरथातून वर चालला. दोघंही खूश, भाजीवाला पण खूश. पंचवीस वर्षं जो दोन दगडांवर पाय ठेवून होता तो वर जाताना पण दोन्ही दगड घेऊनच गेला.

यावर अजून एक गोष्ट वाचली तेव्हा तर अंगावर काटाच आला. युसेबियस नावाचा बिशप, कॉन्स्टंटाइनच्याच काळातला, त्याने बादशहाचं चरित्र लिहिलं, त्यात शेवटी या नाण्याचं वर्णन आहे, की एका बाजूला डोकं झाकलेला बादशहा आणि दुसऱ्या बाजूला चार घोड्यांच्या रथात आणि वरून उजवा हात त्याला घ्यायला येतो. म्हणजे त्या माणसाने ते नाणं हातात घेऊन पाहिलं असेल, तेच जे काकांच्या बिस्किटाच्या डब्यात पडलं होतं. रोमन नाण्यांची पुस्तकं आज लिहिलेली असतात, पण त्याच वेळच्या माणसाने नाण्याचं असं वर्णन करून ठेवणं, हे फार थोड्या नाण्यांच्या नशिबात.

आईला मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. ती चष्मा पुसून पाहत राहिली आणि म्हणाली, "तुकोबांचं विमान." मग जरा वेळाने, "पण तुकोबांनी नाणं नाही पाडायला लावलं."

खाली टांकसाळीची खूण अर्धी कापली गेली आहे, एसएमएएल एवढं कळते. एएल म्हणजे अलेक्झांड्रिया, आणि एसएम म्हणजे सॅक्रा मोनेटा, पवित्र टांकसाळ. टांकसाळ पण पवित्र, कारण बादशहाचं जे जे काही ते पवित्र. मला हे नाणं त्या बाराशे-अठराशेच्या नाण्यांपेक्षा जास्त आवडते, आणि चिठ्ठी नव्हती म्हणूनच मी ते नीट पाहिलं.

उरलेला अर्धा स्टार पाकिटांचा. काका जी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं देतात ती पीव्हीसीची आहेत, त्यात ब्रॉन्झ ठेवलं की काही महिन्यांनी हिरवं चिकट काहीतरी सुटते. घरी नेल्या नेल्या काढा आणि कडक, बिनवासाच्या पाकिटात किंवा साध्या कागदी पाकिटात ठेवा. आणि ब्रॉन्झचा एक रोग असतो, क्लोराइडमुळे होणारा, फिकट हिरवी पावडर, बोटाने झडते. उन्हाळ्यात आपल्या नागपुरात काही होत नाही, पंचेचाळीस डिग्रीत कोरडं ठणठणीत, पण जुलै लागला की बघा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पावडर दिसली तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेवा, पाणी बदलत राहा, नळाचं पाणी नको.

आणि चिंच लावू नका. पितांबरी पण नको, लिंबू पण नको. आमच्याकडे लांडगीवालं नाणं देवाच्या भांड्यांसोबत घासलं गेलं, आईने चांगल्या मनाने केलं, तिला वाटलं मळलं आहे, आणि आता ते तांब्यासारखं गुलाबी चमकते आणि लांडगीचं नाक गेलं. सतराशे वर्षांत जो थर चढला तो दोन मिनिटांत सिंकमध्ये. मी दोन दिवस बोलली नाही, मग आई म्हणाली आता तरी लांडगी कुत्रीसारखी दिसते का, काकांना दाखव. यावर काय बोलणार.

खोट्याचं म्हणाल तर मला या दुकानात एकच संशयास्पद सापडलं. कडेला बारीक शिवण होती, साच्यात ओतल्यावर येते तशी, आणि पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, भिंगातून बुडबुड्यांचे खड्डे. खरी नाणी ठोकून पाडलेली असतात, ओतून नाही. दाखवलं तर काकांनी ते लगेच ट्रेमधून काढून खिशात घातलं, परत ट्रेमध्ये दिसलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने मांडते. पिवळ्या मातीचा छान थर असलेल्या नाण्यांपासून पण जरा लांब राहा, ती माती कधी कधी नंतर डिंकाने बसवलेली असते म्हणजे अक्षरं उठून दिसतात.

बिल मागा. काका आधी "बिल कशाला बेटा" म्हणतात पण मागितलं की देतात, तारीख, वर्णन, सही. शंभर वर्षांवरचं कोणतंही नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू होते आणि ती देशाबाहेर न्यायला बंदी आहे, तर अमेरिकेतल्या दादाला गिफ्ट वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका. कुठून आली हे पण विचारा. काही नाणी तामिळनाडूतून, करूरच्या बाजूने येतात, तिथे अमरावती नदीच्या पात्रात अशी बारकी रोमन ब्रॉन्झ पुष्कळ निघाली आहेत. काकांच्या ट्रेमधली कोणती कुठली हे काका सांगू शकले नाहीत, "आली" एवढंच म्हणाले.

रोमन नसतील घ्यायची तर बाजूच्या ट्रेमध्ये कुषाण तांबं आहे, चारशे-पाचशेत, जाडजूड, एका बाजूला राजा वेदीवर आहुती टाकतो आणि मागे देव, कधी ओएशो, आपल्या शंकरासारखा, कधी मिइरो म्हणजे सूर्य, कधी वायू पळत जाताना, कनिष्काने तर काही नाण्यांवर बुद्ध पण काढला, ग्रीक अक्षरात नाव लिहून. त्याने सगळे देव एकदमच घेतले, टप्प्याटप्प्याने नाही. पुढच्या वेळी एक घेणार आहे.

मागच्या शनिवारी गेली तेव्हा रथाच्या नाण्याचा मोठा केलेला फोटो काकांना दाखवला, हात दाखवला, बिशपची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ मोबाइल जवळ-लांब करून पाहत बसले. मग उठले, बिस्किटाचा डबा उचलून काउंटरच्या आत घेतला, भिंग लावलं आणि एकेक नाणं लॅम्पखाली धरायला लागले, मी बसून आहे हे पण विसरले, चहा पण नाही सांगितला. काल भाच्याला पाठवलं होतं. डब्याचा रेट आता चारशे झाला आहे.